पाऊस नाही पडला तरी शून्य लिहून पाठवा! महिन्याच्या पाणी-नोंदीसाठी माणसं आणि मदत हवीय

मंडळी नमस्कार. समितीचा महिन्याचा पाणी रिपोर्ट (पाऊस, नदी आणि विहिरींचे आकडे) तुम्ही वाचता, पुढे पाठवता, आणि आकडा कमी दिसला की "आमच्याकडे तर धो धो कोसळला, तुमचं काहीतरी चुकतंय" म्हणून भांडताही. भांडा, बिनधास्त भांडा, पण त्यासाठी तुमच्या बाजूचा आकडा आमच्याकडे यायला हवा ना! नोंद घेणारे हात कमी पडायला लागलेत म्हणून हे आवाहन.

सगळ्यात मोठी अडचण सांगतो, ती म्हणजे रिकामा रकाना. पाऊस पडला की लोक उत्साहाने आकडा पाठवतात, फोटोसकट पाठवतात, आणि कोरडा दिवस गेला की काहीच येत नाही. आता त्या दिवशी पाऊस नव्हता, का नोंद घेणारा बाहेरगावी होता, का मापक (पाऊस मोजायचं भांडं) कलंडलं होतं, हे आम्ही कसं ओळखायचं? रिकाम्याला शून्य धरलं आणि खरं तर पाऊस झालेला असला तर महिन्याची बेरीज खोटी पडते, आणि तो दिवस सोडून दिला तर सरासरी फुगते. म्हणून पाऊस नसला तरी ० लिहायचं, नोंदच घेतली नसेल तर "नोंद नाही" लिहायचं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दोन दिवस गावाला जाऊन आलात आणि मापकात ३० मिमी साचलेलं दिसलं तर ते सगळं एकाच तारखेवर टाकू नका, "२ दिवसांचं एकत्र" असं लिहा. बेरीज तशीही बरोबरच येईल हो, पण पावसाचे दिवस किती ते चुकतं (आपल्या हवामान खात्याच्या हिशोबात २.५ मिमी किंवा जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस), आणि एका दिवसातला सगळ्यात मोठा पाऊस हा आकडा तर पार बिघडतो.

काहीजण म्हणतात आता सॅटेलाइट आहेत, रडार आहेत, डबा घेऊन कोण बसतंय. पण रडार ढगातल्या थेंबांवरून अंदाज बांधतं आणि तो अंदाज ताडून बघायला शेवटी जमिनीवरचं मापकच लागतं. आणि पाऊस सगळीकडे सारखा पडतच नाही. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स शहरात जुलै १९९७ ला शहराच्या पश्चिमेला १४ इंचांच्या वर पाऊस झाला, पूर नको तितका आला, माणसं गेली, आणि त्याच शहराच्या पूर्वेला जेमतेम २ इंचांच्या आसपास. मोजक्या केंद्रांमधून हा फरक वेळेत कळणारच कसा! त्यानंतर १९९८ ला तिथे साध्या नागरिकांनी घरोघरी मापकं लावून रोज आकडे पाठवायची चळवळ सुरू केली, ती आजही चालू आहे. गावोगाव मापकं ठेवायची कल्पना तर त्याहून कितीतरी जुनी, कोरियात राजा सेजोंगच्या काळात, १४४० च्या दशकात, ठरलेल्या मापाची भांडी ठिकठिकाणी पाठवून पावसाच्या नोंदी मागवायचे.

काम काय आहे ते सांगतो. रोज सकाळी एकाच वेळेला, साडेआठ ही आपल्याकडची ठरलेली वेळ, मापकातलं पाणी मोजायचं, लिहायचं, ओतून टाकायचं. दोन मिनिटं. मापक झाडाखाली किंवा भिंतीला चिकटून नको, शेजारचं झाड किंवा भिंत मापकाच्या तोंडापेक्षा जितकी उंच असेल त्याच्या निदान दुप्पट लांब ठेवा. आणि एकदा जागा ठरली की हलवायची नाही, जागा बदलली तर कळवा. १ मिमी म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? एका चौरस किलोमीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० लाख लिटर पाणी. म्हणून ०.५ मिमी पण लिहा.

नदीसाठी वेगळी माणसं हवीत. पुलाच्या खांबावर जी आकड्यांची पट्टी असते तिच्यावर पाणी कुठे टेकलंय ते वाचायचं आणि फोटो पाठवायचा, एवढंच. त्या उंचीवरून प्रवाह किती ते आम्ही तक्त्यावरून काढतो, पण नदीचा तळ गाळाने किंवा उपशाने बदलला की तो तक्ताच चुकायला लागतो, म्हणून पात्रात काही बदल दिसला तर तेही लिहा. पुराच्या दिवशी मात्र पाण्याजवळ जाऊ नका, लांबून झूम करून काढलेला फोटो चालेल, आकड्यापेक्षा तुम्ही महत्त्वाचे. जाता जाता, क्युसेक आणि टीएमसी यात लोक फार गोंधळ घालतात. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला किती पाणी वाहतंय, १ क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८.३ लिटर, आणि टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणजे किती साठलंय. ११,५७४ च्या आसपास क्युसेक अख्खा दिवस सतत आले तर धरणात १ टीएमसी भरतं. आणि धरण "इतके टक्के" म्हटल्यावर तो आकडा उपयुक्त साठ्याचा आहे का मृतसाठा (धरणाच्या तळाचं, सहसा वापरता न येणारं पाणी) धरून आहे ते आधी बघा, मग आनंद करा.

सगळ्यात कमी माणसं विहिरींना मिळतात आणि खरं तर तीच नोंद जास्त मोलाची. पाऊस जमिनीत मुरून विहिरीला लागायला वेळ लागतो, त्यामुळे पाऊस सरासरीच्या १०० टक्के दाखवतो आणि विहीर अजून खालीच असते, असं होतं. चार दिवसांत सगळा कोसळला आणि वाहून गेला तरी महिन्याचा आकडा छान दिसणारच की! कोरड्या महिन्यांत नदीत जे थोडं पाणी चालतं तेही बरचसं जमिनीतूनच झिरपून येतं. त्यामुळे महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, मोटार सुरू करायच्या आधी, काठावरच्या एकाच खुणेपासून टेपने पाणी किती खोल आहे ते मोजून द्या. मोटार चालू असताना घेतलेला आकडा आम्हाला काहीच उपयोगाचा नाही, स्पष्टच सांगतो.

पैशांची मदत करणार असाल तर ती मापकं, मोजनळ्या, टेप आणि नदीवरच्या पट्ट्या परत रंगवणं यासाठीच वापरू, कोणाला मानधन नाही, आणि खर्चाचा हिशोब रिपोर्टच्या शेवटी टाकू. वस्तू दिलीत तरी चालेल. कोणाच्या घरी आजोबा-पणजोबांनी लिहिलेल्या पावसाच्या जुन्या वह्या असतील तर त्या रद्दीत घालू नका हो, पानांचे फोटो पाठवा, वही तुमच्याकडेच राहू द्या. सरासरी काढायला जगभर साधारण ३० वर्षांचा काळ धरतात, आणि इतक्या मागचे आकडे आम्ही आता कुठून आणणार? ते टाइप करून द्यायलाही माणसं लागतील, घरबसल्या काम आहे, कॉलेजची पोरं सहज करतील.

समितीला मेसेज करा, त्यात नाव, तुमची जागा, आणि पाऊस-नदी-विहीर-टायपिंग यातलं काय जमेल ते लिहा. घरात दुसरं कोणी असेल जे तुम्ही नसताना आकडा लिहील तर त्याचंही नाव द्या. मापक पोचायला वेळ लागेल, तोपर्यंत सरळ उभ्या भिंतींचा, सपाट तळाचा डबा उघड्यावर ठेवून आतलं पाणी मिलिमीटरच्या पट्टीने मोजलं तरी चालेल, फक्त शेजारी "डबा" असं लिहा. सुरुवात १ तारखेपासून करा, म्हणजे महिना पूर्ण मिळेल.