खड्डे बुजवायचे, पण कोणी?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की आपल्या पत्रव्यवहारात ‘संबंधित अभियंत्याला निलंबित करा’ ही मागणी हटकून येते. मी एका महापालिकेच्या बांधकाम विभागात तीस वर्षे काढली. कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. शहराचे नाव लिहीत नाही, कारण माझा पुतण्या आज त्याच विभागात, योगायोगाने माझ्याच जुन्या खोलीत बसतो. बसतो म्हणजे, सापडला तर.

परवा त्याच्याकडे गेलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि डबा उघडायचा होता. टेबलावर दोन मोबाइल, दोन्ही वाजत होते. त्याच्याकडे स्वतःचे तीन प्रभाग आहेत, शिवाय शेजारच्या क्षेत्रीय कार्यालयातला अभियंता निवृत्त झाल्यापासून तिथला ‘अतिरिक्त कार्यभार’. मी विचारले, “किती दिवसांसाठी?” तो हसला. “काका, ऑर्डरवर ‘पुढील आदेशापर्यंत’ लिहिलंय. तिला दोन वर्षं झाली.”

मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्याकडे एकच वॉर्ड होता आणि हाताखाली खात्याची स्वतःची गँग. एक मुकादम, दहा-बारा बिगारी, एक गवंडी, डांबराचा बॉयलर आणि कुरकुरणारा रोलर. मुकादम सातवीपर्यंत शिकलेले, पण कुठल्या चौकात रस्त्याखाली दगडी मोरी आहे, कुठे पाणी तुंबते, सगळे त्यांच्या डोक्यात. एकदा एका वळणावर मी तिसऱ्यांदा खड्डा भरायला घेतला, तर म्हणाले, “साहेब, डांबर नंतर टाका, आधी पाण्याला वाट द्या.” कडेची बुजलेली मोरी उपसली, मग पॅच मारला. तो खड्डा माझ्या बदलीपर्यंत पुन्हा पडला नाही. डांबराचा खरा वैरी साचलेले पाणी, हे पुस्तकात वाचले होते. कळले त्या दिवशी. ते मुकादम निवृत्त झाले, त्यांचे पद व्यपगत झाले, म्हणजे कायमचे रद्द. पाठोपाठ बिगाऱ्यांचीही गेली. आज त्या विभागात खात्याचा एकही बिगारी नाही.

तेव्हा सगळे देवमाणूस होते असे मुळीच नाही. टक्केवारी तेव्हाही होती, कामचुकारही होते. पण रस्त्यावर उभा राहायला माणूस असायचा.

पदे का भरत नाहीत, याचे उत्तर फारसे छापून येत नाही. नवे पद निर्माण करायचे तर राज्य सरकारची मंजुरी लागते. आकृतिबंध, म्हणजे कुठल्या खात्यात किती पदे याचा आराखडा, मंत्रालयात जातो, शेरे घेऊन परत येतो, पुन्हा जातो. त्यातून मंजुरी मिळालीच तर ३५ टक्क्यांची अट आडवी येते. आस्थापना खर्च, म्हणजे मुख्यतः पगार-पेन्शनचा खर्च, महापालिकेच्या उत्पन्नाच्या त्या टक्क्यांपुढे गेला की भरतीला लाल शाई. मजा अशी की मुकादमाचा पगार आस्थापना खर्चात धरतात, पण तेच काम करणाऱ्या ठेकेदाराचे बिल विकासकामांच्या किंवा देखभालीच्या खात्यावर पडते. मग त्या ठेकेदारावर लक्ष ठेवायला सल्लागार नेमायचा, त्याचे शुल्कही आस्थापनेत नाही. म्हणजे महापालिकेकडे माणसांसाठी पैसे नाहीत असे नव्हे. पगारपत्रकावरच्या माणसांसाठी नाहीत.

दरम्यान शहरे फुगत राहतात. पुण्याचेच घ्या. २०१७ मध्ये ११ गावे, २०२१ मध्ये आणखी २३ गावे हद्दीत आली, क्षेत्रफळात पुण्याने मुंबईलाही मागे टाकले. (त्यातली दोन गावे नंतर वगळली, तो वेगळाच तमाशा.) हद्द एका अधिसूचनेने वाढते. अभियंता मात्र जाहिरात, बिंदुनामावली (आरक्षणाप्रमाणे जागांची यादी), ऑनलाइन परीक्षा, कागदपत्र पडताळणी एवढे सगळे पार करून येतो, आणि सहा महिन्यांत त्याचा दुसऱ्या खात्याच्या परीक्षेचा निकाल लागला की राजीनामा देऊन जातो. त्याला तरी दोष कसा द्यायचा?

जे उरतात, त्यांनाही रस्त्यावर कितीसे राहू देतात? जानेवारी २०२४ मध्ये मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी महापालिकांचे कर्मचारी घरोघर फिरत होते. त्याच वर्षी लोकसभा झाली, विधानसभा झाली. पुतण्या प्रत्येक वेळी ड्युटीवर. उरलेल्या दिवसांत ‘आपले सरकार’ या राज्याच्या पोर्टलवरच्या तक्रारी, पालिकेच्या ॲपवरच्या तक्रारी, गणपतीच्या मंडपांची पाहणी, केबलवाल्यांच्या खोदाईचे प्रस्ताव. माहिती अधिकाराच्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर गेले नाही, तर रोज २५० रुपये दंड स्वतःच्या खिशातून भरावा लागू शकतो. साहजिकच तो आधी अर्जाचे उत्तर लिहितो आणि मग खड्डा बघायला जातो. तोवर अंधार पडलेला असतो.

त्याने सांगितलेली एक गोष्ट मनातून जात नाही. रहदारीमुळे डांबरीकरण रात्री चालते. गरम मिश्रण ९० अंशांच्या खाली उतरायच्या आत रोलर फिरून झाला पाहिजे, नाहीतर दबाई नीट होत नाही आणि पहिल्या पावसात खडी वर येते. एका रात्री त्याच्या दोन प्रभागांत एकाच वेळी डंपर आले. एका रस्त्यावर तो थर्मामीटर घेऊन उभा. दुसऱ्या रस्त्यावरून ठेकेदाराच्या सुपरवायझरने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. ज्यावरून ठेकेदाराचे बिल निघते त्या मोजमाप पुस्तकात सही मात्र दोन्ही कामांखाली त्याचीच. “फोटोत तापमान दिसत नाही ना काका,” एवढेच म्हणाला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख रुपये आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. खड्डा नजरेस आल्यापासून ४८ तासांत त्याकडे लक्ष दिले गेले पाहिजे, आणि भरपाईची रक्कम जबाबदार असणाऱ्यांकडून वसूल करावी, असेही सांगितले. आदेश योग्यच आहे. ज्याच्या घरचा माणूस खड्ड्यात गेला, त्याला आकृतिबंधाचे पुराण ऐकवायचे नसते. पण वसुलीची वेळ येईल तेव्हा साखळीतला शेवटचा सही करणारा सापडेल, तीन प्रभाग आणि एक अतिरिक्त कार्यभार सांभाळणारा. जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवणाऱ्यांची सही कुठल्याच मोजमाप पुस्तकात नसते.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या दारावर एक फलक लावावा: बांधकाम विभागात मंजूर पदे किती, भरलेली किती, कोणाकडे कुठला अतिरिक्त कार्यभार आणि कधीपासून. दर तीन महिन्यांनी खडूने आकडे बदलले तरी चालतील. आपल्या वार्ताहरांनीही खड्ड्याच्या फोटोसोबत त्या फलकाचा फोटो छापावा. अभियंत्याला निलंबित करायचे तर जरूर करा, पण त्याच्या चार जागांचा कार्यभार उद्या कोणाकडे जाणार, तेही त्याच बातमीत लिहा.

आपला,
एक निवृत्त उपअभियंता
(नाव व पत्ता कार्यालयात दिला आहे, छापू नये ही विनंती.)