चि. सईस, तुझी कथा वाचली

नागपूर,
९ जून

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

मृग लागून दोन दिवस झाले, अजून थेंब नाही. कळमना बाजारातल्या हमालाची तुझी कथा परवा मिळाली, दोनदा वाचली. तू शेवटी विचारलं आहेस, "आई, कशी वाटली?" त्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण हा प्रश्न ज्याला विचारशील तो "छान" म्हणेल आणि तुझ्या हाती काही लागणार नाही.

वाचणाऱ्याकडून मत मागू नकोस, खुणा माग. कथा कागदावर छाप. अक्षर १४ पॉइंटचं, दोन ओळींत मोकळी जागा, उजवीकडे दोन बोटं समास आणि प्रत्येक पानावर आकडा. सोबत पेन्सिल दे. कंटाळा आला तिथे फुली, ओळ परत वाचावी लागली तिथे नागमोडी रेघ, पटलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, एवढंच करायला सांग. हे सगळ्यांना जमतं आणि कोणाला संकोचही होत नाही. अडखळलेली जागा ही खरी माहिती असते. "इथे नायिकेला रडवायला हवं होतं" हा मात्र त्याने सुचवलेला उपाय, आणि तो बहुतेक वेळा त्याच्या मनातल्या वेगळ्या कथेचा असतो. जागा लिहून घे, उपाय तुझा तू शोध.

वाचक तीनच निवड. एक भरपूर वाचणारा, एक तुला फारसा न ओळखणारा आणि एक त्या विषयातला जाणकार. मी, बाबा, मैत्रिणी या यादीत नको. आम्हाला कागदावर तूच दिसतेस. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर टाकूच नकोस, तिथे फक्त टाळ्या येतात. तिघांपैकी दोघांनी एकाच जागी खूण केली तर तिथे हात घालायलाच हवा. एकाचीच असेल तर आठवडाभर तशीच राहू दे, मग ठरव. कोणी बोलत असताना "मला म्हणायचं होतं की..." असं समजावू नकोस. छापलेल्या कथेसोबत तू वाचकाच्या शेजारी बसणार नाहीस. तेव्हा तोंड बंद, वही उघडी.

जाणकार का लागतो, ते तुझ्याच कथेत बघ. पान चारवर मे अखेरीस इथल्या कळमना मार्केटमध्ये संत्र्यांचे ढीग लागलेत. संत्र्याला बहार, म्हणजे फुलोरा, दोन हंगामांत येतो. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबर येतात, मृग बहाराची साधारण फेब्रुवारी-मार्चला, फार तर एप्रिलपर्यंत. मे संपताना ढीग कुठून येणार? इथल्या वाचकाचा तिथे विश्वास उडतो आणि मग तुझ्या हमालाचं दुःखही त्याला खोटं वाटू लागतं. कथा फेब्रुवारीत ने, नाहीतर ढीग आंब्यांचे कर. मात्र उन्हाचं वर्णन तुला मेचंच हवं असेल तर आंबेच बरे.

आणि तो हमाल "तू कुठे निघाला आहेस?" असं का बोलतो गं? कळमन्याचा माणूस "कुठं जाऊन राहिला बे?" म्हणेल. अशुद्ध होईल म्हणून घाबरलीस, असं मला वाटतं. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांतही पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणे लिहायला मोकळीक आहे. निवेदन मात्र नियमाने हवं. तू सगळीकडे 'रहाणे', 'पहाणे' लिहिलंस. ते 'राहणे', 'पाहणे'. अशा चुका कथा वाचायला देण्याआधीच काढ, नाहीतर वाचणारा कथा सोडून त्याच मोजत बसतो.

पहिली दोन पानं पहाट, पक्षी आणि "मनात विचारांचं काहूर माजलं होतं" यात गेली. कथा खरी सुरू होते पान तीनवर, पोत्याची शिवण उसवते तिथे. सुतळी तुटते आणि तो आधी इकडेतिकडे बघतो, मग पोत्याकडे. त्या एका नजरेत त्याची भीती आली आहे, काहूर सांगायची गरजच उरत नाही. ते वाक्य फार चांगलं उतरलंय. त्याच्यापासून सुरू कर.

आता कथा पंधरा दिवस बंद ठेव. ताजं लिहिलेलं वाचताना डोक्यातलंच वाचलं जातं, कागदावरचं नाही. मग मोठ्याने वाचून मोबाईलवर रेकॉर्ड कर. दम लागेल तिथे वाक्य तोड, जीभ अडेल तिथे शब्द बदल. दर दहा पानांमागे एक पान कमी होईल इतकं काट. दरम्यान रोज ठरल्या वेळी दोन-तीनशे शब्द नवीन कथेचे लिही, म्हणजे हिच्याभोवती जीव अडकून राहणार नाही.

यंदा दिवाळी अंकांची घाई नको. कथा जुलै-ऑगस्टपर्यंत पोहोचावी लागते आणि ही तोवर पिकणार नाही. पाठवशील तेव्हा युनिकोडमध्येच पाठव. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की अगम्य चिन्हांची होते, म्हणून सोबत पीडीएफही जोड. एका वेळी एकाच संपादकाकडे, आणि तारीख वहीत टिपून ठेव. तीन महिने उत्तर नाही आलं तर एकदा नम्रपणे विचार, मग पुढे पाठव. लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. पुरेशा कथा झाल्या की राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, तिचा विचार करू.

दिवाळीत आलीस की सीताबर्डीवर विदर्भ साहित्य संघात जाऊ. १९२३ पासूनची संस्था आहे, 'युगवाणी' तिचंच मुखपत्र. तिथले जुने अंक चाळ, आपल्या भागातली माणसं कशी बोलतात ते छापील दिसेल.

तुझी प्रत पेन्सिलच्या खुणांसह आजच पोस्टात टाकते. पान सहावर माझी नागमोडी रेघ आहे, तिथे बोलतंय कोण, बायको की सासू, तेच कळलं नाही. रविवारी फोन कर.

तुझी,
आई