छातीचा जुना एक्स-रे टाकून देऊ नका

संपादक महोदय,

मी एक्स-रे टेक्निशियन आहे. छातीचा एक्स-रे काढायला येणाऱ्यांना मी जुनी फिल्म आहे का विचारते, तर बहुतेक वेळा उत्तर येतं, "घर आवरताना टाकून दिली हो." फार वाईट वाटतं. फुप्फुसात एखादा पांढरा डाग दिसला की रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांना आधी हेच बघायचं असतं की हा आधीपासून होता का नवीन आहे. बऱ्या झालेल्या टीबीचा व्रण वर्षानुवर्षं तसाच राहतो, जुन्या फिल्ममध्येही तो जसाच्या तसा असला तर बरेचदा विषय तिथेच संपतो, आणि फिल्म नसली की मग सीटी स्कॅन, आणखी तपासण्या, आणि घरच्यांच्या जिवाला घोर.

हृदयाचंही तेच. मोठ्या माणसात हृदयाची रुंदी छातीच्या रुंदीच्या साधारण निम्म्यापर्यंत असावी असं धरतात, पण हा हिशोब उभं राहून, छाती प्लेटला टेकवून, पाठीमागून काढलेल्या फिल्मचा. झोपून असलेल्या पेशंटचा एक्स-रे समोरून काढावा लागतो, तेव्हा हृदय प्लेटपासून लांब पडतं आणि सावली मोठी येते. श्वास पूर्ण घेतला नाही तरी हृदय रुंद दिसतं, म्हणून तर आम्ही "श्वास घ्या, रोखून धरा" असं परत परत सांगतो! त्यामुळे रिपोर्टमधली "हार्ट एनलार्ज्ड" (हृदय मोठं दिसतंय) एवढी ओळ मोबाईलवर वाचून घाबरून जाऊ नका, हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडत असेल तर सहसा फुप्फुसाच्या वरच्या भागातल्या रक्तवाहिन्या ठळक होतात, फुप्फुसाच्या खालच्या कडेला बारीक आडव्या रेषा येतात, बरगड्यांजवळचा टोकदार कोपरा पाण्याने बोथट होतो, हे सगळं डॉक्टर एकत्र बघतात. आणि तो कोपरा बोथट दिसायला साधारण २०० मिली पाणी साठावं लागतं, त्याहून कमी असेल तर सोनोग्राफीत कळतं.

उलटंही होतं. फिल्म नॉर्मल आली की लोक निर्धास्त होतात, पण हार्ट अटॅक, फुप्फुसात अडकलेली गुठळी, दमा यात एक्स-रे अगदी स्वच्छ असू शकतो. छातीत दुखतंय, दम लागतोय किंवा थुंकीत रक्त येतंय तर नॉर्मल रिपोर्ट हातात असला तरी डॉक्टरांकडे परत जायलाच हवं.

डॉक्टरांनाही एक विनंती, चिठ्ठीवर नुसतं "चेस्ट पीए" (म्हणजे छातीचा पाठीमागून एक्स-रे) लिहू नका. "ताप, डाव्या बाजूला दुखतं" एवढं जरी लिहिलं तरी रिपोर्ट देणारा हृदयाच्या मागे, कॉलरबोनच्या आड, जिथे सावल्या एकमेकींवर पडतात तिथे परत एकदा बघतो.

आणि ट्यूबलाईटसमोर धरून काढलेला फिल्मचा फोटो आणू नका, त्यात नेमक्या त्या बारीक रेषाच जातात. मूळ फिल्म किंवा सीडी आणा, सोबत जुना रिपोर्टही.

आपली,
एक एक्स-रे टेक्निशियन