ट्यूडरांची मालिका लावण्याआधी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

इंग्लंडच्या ट्यूडर घराण्यातल्या आठव्या हेन्री राजाची मालिका रविवारपासून लावणार आहात, म्हणून हे सगळं कागदावर लिहून पाठवते. फोनवर निम्मं राहून जातं.

आधी टीव्हीचं. बरेच प्रसंग मेणबत्तीच्या उजेडातले आहेत. दिवसा लावलीत तर काळ्या पडद्यात आपल्याच खिडकीचं प्रतिबिंब दिसत राहील. दिवेलागणीनंतर लावा, ट्यूब बंद करा, पिक्चर मोड ‘सिनेमा’ ठेवा. बाबा, नुसता आवाज वाढवू नका, त्यानं संगीतही तितकंच वाढतं. साउंड मोड ‘स्पीच’वर न्या. सबटायटलची अक्षरं मोठी करून त्यांच्यामागे काळी पट्टी ठेवा, म्हणजे आईला चष्मा सारखा वरखाली करावा लागणार नाही.

गोंधळ होतो तो नावांचा. दरबारात जो तो थॉमस! वुल्सी, मोर, क्रॉमवेल, क्रॅनमर, बोलिन, हॉवर्ड, सहाही थॉमसच. म्हणून पहिलं नाव सोडा, आडनाव धरा. कॅलेंडरच्या जुन्या पानामागे वंशावळ काढा. वर हेन्री, खाली तीन बायकांपासूनची त्याची तीन मुलं. कॅथरीनची मेरी, अ‍ॅनची एलिझाबेथ, जेनचा एडवर्ड. गादीवर मात्र आधी एडवर्ड, मग मेरी, शेवटी एलिझाबेथ. एडवर्ड आणि मेरीच्या मधे जेन ग्रे नऊ दिवस राणी होते, तिला कोपऱ्यात लिहा.

हेन्री आणि पोपच्या भांडणाचं मूळ नीट समजून घ्या, कारण मालिका ते हेन्री-अ‍ॅनच्या प्रेमप्रकरणावर ढकलते. कॅथरीन ही हेन्रीच्या वारलेल्या भावाची बायको. तिच्याशी लग्न करायला आधीच्या पोपनं खास परवानगी दिली होती. पुढे मुलगा होईना तेव्हा हेन्री म्हणू लागला, की ती परवानगीच चुकीची होती, म्हणून पोपनं हे लग्न रद्द ठरवावं. हे मान्य करायचं म्हणजे पोपनं पोपचाच शब्द खोटा ठरवायचा. त्यात १५२७ साली सम्राट चार्ल्सच्या फौजेनं रोम लुटलं, पोप त्याच्या कैदेत, आणि चार्ल्स कॅथरीनचा सख्खा भाचा. अशा वेळी पोप होकार देणार कसा? १५३४ च्या कायद्यानं हेन्री स्वतःच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला.

म्हणून तो प्रोटेस्टंट, म्हणजे पोपला न मानणाऱ्या नव्या ख्रिस्ती पंथाचा, झाला असं मात्र समजू नका. ३० जुलै १५४० ही तारीख लक्षात ठेवा. लंडनच्या स्मिथफील्डमध्ये त्या एकाच दिवशी तीन प्रोटेस्टंटांना पाखंडी म्हणून जिवंत जाळलं आणि पोपशी निष्ठा ठेवणाऱ्या तिघा कॅथलिकांना राजद्रोही म्हणून मारलं. दोन्ही बाजू एकाच मैदानात. माझ्या मते हेन्रीचं राज्य कळायला हा एक दिवस पुरे.

अ‍ॅनचा शिरच्छेद कुऱ्हाडीनं नव्हे, तलवारीनं झाला, त्यासाठी जल्लाद फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कॅलेहून आणवला होता. आणि पुढच्या काळावरच्या एखाद्या मालिकेत एलिझाबेथ आणि स्कॉटलंडची मेरी समोरासमोर बोलताना दिसल्या, तर ते लेखकाच्या पदरचं. त्या दोघी आयुष्यात कधी भेटल्याच नाहीत.

आता आपल्याकडचं. कॅथरीनची भाची, तिचंही नाव कॅथरीन, पोर्तुगालची राणी होती. लहान नातवाच्या वतीनं ती कारभार बघत होती तेव्हाच, १५६० साली, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणारं कॅथलिक न्यायालय, आलं. बाबा, त्यात एक फरक धरा. इन्क्विझिशनचा बडगा मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांवर, देवळं पाडण्याचे हुकूम राज्यकारभाराचे. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला तोही १५६० मध्येच. त्याच काळात आपली शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, कारण ही नवी गावं फोंड्यातली आणि फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता, पोर्तुगिजांचा हुकूम तिथं चालत नव्हता.

आणि हेन्रीच्या मेरीचं १५५४ मध्ये ज्याच्याशी लग्न होतं तो स्पेनचा फिलिप. १५८० नंतर पोर्तुगालची गादीही त्याच्याकडे आली आणि १५९८ पर्यंत गोव्यातल्या तिसवाडी, बारदेस, साष्टीचा राजा तोच. त्याचं आरमार १५८८ साली इंग्लंडवर निघालं तेही लिस्बनहून, त्यात पोर्तुगीज गलबतं होती.

तर पुढे मेरीवरची एखादी मालिका लावलीत आणि विंचेस्टरच्या चर्चमध्ये लग्नाला मेरीशेजारी तो उभा राहिला, की पॉजचं बटण दाबा, आणि आईला सांगा, आपल्या शांतादुर्गेचं जुनं केळशी गाव पुढे ह्याच्याच राज्यात गेलं.

तुमची,
बाय