मामी, तू तिथे होतीस

प्रिय मामी,

हे तुला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं असतं तर तू "बरं बरं, पुरे आता" म्हणून विषय मिटवला असतास. पण तू मला तिच्याविरुद्ध फूस लावलीस असं आई नात्यातल्या घराघरात सांगत सुटली आहे. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

दहावीच्या निकालाचा दिवस. मला ८९ टक्के. आल्यागेल्याला पेढा देताना आई सांगत होती, "वर्षभर माझ्या डोळ्याला डोळा नव्हता, हा निकाल माझा आहे." लोक गेल्यावर मला म्हणाली, "नव्वदसुद्धा गाठता आले नाहीत. मान खाली घालायला लावलीस." पुढे हा विषय कधीही निघाला की तिचं एकच, "मी असं बोललेच नाही. तुझ्या मनाचे खेळ आहेत." पंधरा वर्षं हेच ऐकल्यावर मलाही वाटायला लागलं होतं की आपणच रचून सांगतोय. बाबांना विचारलं तर ते पेपर डोळ्यांसमोर धरायचे. "तिचा स्वभाव आहे, तू समजून घे."

दोन वर्षांपूर्वी नौपाड्याला तुझ्या ओट्याशी उभी राहून मी तुला ते विचारलं. तू गॅस बंद केलास. "झालं होतं तसं. मी तिथेच होते, गवार मोडत होते. तू पिवळा ड्रेस घातला होतास. तेव्हा मी गप्प बसले, ते माझं चुकलं."

त्या रात्री ठाण्याहून गाडीत बसले ती रडण्याच्या नादात ऐरोली सोडून घणसोलीला उतरले. माझ्या डोक्यात काही बिघडलेलं नाही, हे मला कोणीतरी पहिल्यांदा सांगितलं होतं.

वाणसामानाच्या बिलामागे तू १४४१६ लिहून दिलंस. सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलतात, म्हणालीस. पुढे समुपदेशनाला पहिल्यांदा गेले तेव्हा तू बाहेर बाकावर तासभर बसून होतीस. मी नेटवर वाचून गेले होते, आई नार्सिसिस्टिकच आहे, म्हणजे स्वतःच्या मोठेपणापुढे दुसऱ्याचं मन न दिसणारी, म्हणून. समुपदेशक बाईंनी शांतपणे सांगितलं की या विकाराचे ९ निकष आहेत, त्यातले निदान ५ जुळावे लागतात, आणि माणसाला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय कोणी निदान करू नये. "तुमचं काय करायचं ते आपण बघू," म्हणाल्या. मला रागच आला होता. रिक्षात तू म्हणालीस, "नाव काहीही असू दे गं, तुला लागलंय ते खरंच आहे ना?"

आणि कुकरची युक्ती! रविवारी डाळभात लावून मगच आईला फोन करायचा, शिट्ट्या झाल्या की "कुकर झाला, ठेवते." खोटं बोलावं लागत नाही. पगार, आजारपण, नवऱ्याशी झालेली कुरबूर यातलं काही तिच्या हाती द्यायचं नाही. ती चिडली की खुलासे करत बसायचं नाही, "बरं" म्हणायचं. आणि फोन ठेवल्यावर ती काय बोलली ते तारीख घालून वहीत लिहायचं. त्या वहीने मला किती सावरलंय ते तुला कधी सांगितलं नाही. आता ती "मी असं म्हणालेच नाही" म्हणाली तरी मी वाद घालत नाही. पान उघडून बघते आणि झोपते.

याची किंमत तू मोजलीस. आईने तुमच्याकडे येणं सोडलं, या वर्षी मामाला राखीही आली नाही. तू अवाक्षर काढलं नाहीस, मला ते मामाकडून कळलं. तुझ्या जागी दुसरी कोणी असती तर नणंद-भावजयीच्या जुन्या भांडणांचा हिशोब माझ्याकडून चुकता करून घेतला असता. आईने तुलाही कमी छळलेलं नाही.

नातेवाइकांनाही हे कळू दे. गेल्या दिवाळीत मी आईचा नंबर ब्लॉक करून टाकला होता, कायमचा. "तोडू नकोस. लांब राहा, पण तोडू नकोस" असं म्हणून तो माझ्याकडून परत चालू करून घेतला तो मामीनेच. मामी मला काय काय बोलली ते मी ऐकलंय, आणि विचारेल त्याला सांगणार आहे.

तुझी,
भाची