जिवाणू धातू नष्ट करत नाहीत

मा. संपादक महोदय,

सांडपाण्याने दूषित झालेल्या जमिनींसाठी जिवाणूंचा उपाय सुचवला जातो, त्याचे मी मनापासून स्वागत करतो; मात्र शिसे, कॅडमियम हे विषारी धातू मूलद्रव्ये असल्याने जिवाणू ती नष्ट करत नाहीत, केवळ त्यांचे रूप बदलतात, हे शेतकऱ्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे. काही जिवाणू पाण्यात सहज विरघळणाऱ्या विषारी षट्संयुजी क्रोमियमचे कमी विषारी त्रिसंयुजी रूप करतात. सल्फेटवर जगणारे जिवाणू ऑक्सिजनविरहित चिखलात कॅडमियमला सल्फाइडच्या, म्हणजे गंधकाशी जोडलेल्या, पाण्यात न विरघळणाऱ्या रूपात बांधून ठेवतात, आणि आमच्या खाडीकाठच्या भातखाचरांत हीच क्रिया महत्त्वाची आहे. कारण पाणी साचलेले असते तोवर धातू अडकून राहतो, पण कापणीपूर्वी पाणी उतरून खाचर वाळू लागले, की हवेतील ऑक्सिजनमुळे तो पुन्हा मोकळा होऊन दाण्यात शिरू शकतो. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या मातीत तर हा धोका अधिकच.

त्यामुळे लोटे-परशुराम किंवा महाडच्या औद्योगिक परिसरात असा प्रयोग झाल्यास माती केवळ पावसाळ्यात न तपासता कापणीच्या वेळी आणि उन्हाळ्यातही तपासावी, शिवाय तिथल्या तांदळाचीही चाचणी घ्यावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
खाडीकाठचा एक भातशेतकरी, जि. रत्नागिरी