शालेय स्पर्धांतील पंचांना डोक्याच्या दुखापतीचे प्रशिक्षण द्या

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम आपल्याकडे पावसातच सुरू होतो. केंद्रपातळीवरील सामने आटोपले की तालुका आणि मग जिल्हा, अशा क्रमाने बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागांतील मराठी, कन्नड आणि उर्दू शाळांची मुले-मुली मैदानात उतरतात. त्यांचे सामने चालवणारे बहुतेक पंच हे शाळाशाळांतील शारीरिक शिक्षण शिक्षकच असतात. मीही अनेक वर्षे कबड्डी आणि खो-खोसाठी पंच म्हणून काम केले आहे. स्पर्धेआधीच्या पंचांच्या बैठकीत नियम, वेळापत्रक, वयाचे दाखले आणि तक्रारींचे निवारण यांवर सविस्तर चर्चा होते, पण खेळाडूच्या डोक्याला मार लागला तर पंचाने काय करायचे, हा विषय माझ्या उपस्थितीत कधी निघाला नाही. तो निघावा, आणि ज्याच्या हाती शिट्टी आहे त्याला त्याचे रीतसर प्रशिक्षण व स्पष्ट अधिकार मिळावेत, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

कबड्डीत घोटा पकडला गेलेला चढाईपटू पाठीमागे आपटतो तेव्हा सावरायला हात मोकळे नसतात आणि डोक्याचा मागचा भाग जमिनीवर आदळतो. पकडीच्या झटापटीत एखाद्याचा गुडघा दुसऱ्याच्या कानशिलावर बसतो. खो-खोमध्ये खांबाजवळ सूर मारणारा खेळाडू निसरड्या मातीवरून थेट खांबावर जातो. मग चार जण धावत येतात, तोंडावर पाणी मारतात, कोणी कांदा हुंगवतो, दोघे दंडाला धरून त्याला उभे करतात आणि दोन पावले चालता आले की टाळ्यांच्या गजरात तो पुन्हा खेळायला जातो. यात कोणाचाही वाईट हेतू नसतो. मुलाच्या जिद्दीचे ते मनापासूनचे कौतुकच असते. मात्र मेंदूला हादरा बसला आहे की नाही, हे चालता येण्यावरून ठरत नाही.

या दुखापतीला वैद्यकीय भाषेत कन्कशन म्हणतात. कवटीच्या आत मेंदू झटक्याने हलतो आणि त्याचे काम काही काळ बिघडते. त्यासाठी डोक्यालाच मार लागायला हवा असेही नाही. अंगावर बसलेल्या जोरदार धडकेने मान झटकली गेली तरी पुरते. बहुसंख्य वेळा मूल बेशुद्ध पडतच नाही, सीटी स्कॅनमध्ये काही दिसत नाही आणि काही लक्षणे तर कित्येक तासांनी उमटतात. डोके दुखणे, चक्कर, मळमळ, उजेड सहन न होणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, शून्यात पाहणे, चुकून प्रतिस्पर्ध्यांच्या बाजूला जाऊन उभे राहणे, यांतले एखादे चिन्ह दिसले तरी खेळाडूला बाहेर काढायला ते पुरेसे आहे. मेंदू सावरण्याआधीच दुसरा मार बसला तर त्रास फार लांबतो, आणि क्वचित प्रसंगी, विशेषतः कोवळ्या वयात, मेंदूला वेगाने सूज येऊन जीवही जातो.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात २००६ मध्ये झॅकरी लिस्टेड हा १३ वर्षांचा मुलगा शालेय अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात डोके आपटल्यानंतरही त्याच सामन्यात पुन्हा खेळला आणि सामना संपल्यावर कोसळला. तो वाचला, पण कायमच्या अपंगत्वासह. अशा खेळाडूला पुन्हा मैदानात उतरू न देण्यासाठी त्याच्या नावाने तेथे २००९ मध्ये कायदा झाला, आणि २०१४ पर्यंत सर्व ५० राज्यांनी शालेय खेळाडूंसाठी असे कायदे केले. ओहायो राज्याने २०१३ पासून प्रशिक्षकांबरोबर पंचांनाही कन्कशन ओळखण्याच्या प्रशिक्षणाखाली आणले, आणि ते दर ३ वर्षांनी पुन्हा घ्यावे लागते. तेथील व्यवस्थेत पंचाने निदान करावे अशी अपेक्षा नाही. संशय आला की खेळाडूला बाहेर काढायचे, एवढेच त्याचे काम आहे. त्या दिवशी तो खेळाडू पुन्हा खेळत नाही, आणि पुढे कधी खेळायचे हे वैद्यकीय व्यक्ती लेखी ठरवते. ही विभागणी मला अतिशय योग्य वाटते, कारण तिच्यामुळे पंचाच्या खांद्यावर त्याला न पेलणारे ओझे येत नाही आणि जे त्याच्या आवाक्यात आहे ते टाळण्याची सबबही उरत नाही.

क्रिकेटमधले उदाहरण वाचकांना आठवत असेल. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेरा येथील टी-ट्वेंटी सामन्यात रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर शेवटच्या षटकात चेंडू आदळला, तरीही तो डाव संपेपर्यंत खेळत राहिला. मध्यंतरात संघाच्या वैद्यकीय पथकाने तपासल्यावर त्याच्या जागी यजुवेंद्र चहल उतरला. इतका अनुभवी खेळाडूही मार लागल्यावर खेळतच राहतो, तर आठवी-नववीतला मुलगा स्वतःहून मैदानाबाहेर येईल असे आपण कसे धरून चालतो? मुलाला विचारले तर तो ‘मी बरा आहे’ असेच म्हणणार. म्हणून निर्णय त्याच्यावर सोडता येत नाही.

आपल्याकडे पंचाची अडचण आणखी वेगळी आहे. तो स्वतः कुठल्या तरी सहभागी शाळेचा शिक्षक असतो. अंतिम सामन्यात प्रतिस्पर्धी शाळेच्या मुख्य चढाईपटूला त्याने बाहेर बसवले तर पक्षपाताचा आरोप ठरलेला. सीमाभागात त्याला भाषेचा रंग चढायलाही वेळ लागत नाही. हा निर्णय पंचाच्या मर्जीवर न ठेवता लेखी नियमाने त्याच्यावर बंधनकारक केला, तरच तो निर्भयपणे घेता येईल. संघ व्यवस्थापक, मुख्याध्यापक किंवा व्यासपीठावरील पाहुणे यांना तो बदलता येऊ नये. त्या मुलाच्या जागी राखीव खेळाडू घेण्याची मुभाही नियमातच नोंदवावी, म्हणजे संघाचे नुकसान होते ही तक्रार राहणार नाही.

भाषेचा प्रश्न तपासणीतही येतो. खेळाडू भानावर आहे का हे पाहण्यासाठी आपण कोणत्या मैदानावर आहोत, हा पहिला डाव की दुसरा, शेवटचा गुण कोणी घेतला, मागचा सामना कोणाशी होता, असे साधे प्रश्न विचारले जातात. मराठी शाळेतील मुलाला ते कन्नडमधून विचारले आणि तो अडखळला, तर ते भाषेमुळे की दुखापतीमुळे हे कळणार नाही. कन्नड मुलाला मराठीतून विचारले तरी तेच. प्रश्न मुलाच्या घरच्या भाषेत विचारावेत, आणि बाहेर काढलेल्या मुलाच्या पालकांना द्यायची सूचनाही त्यांना वाचता येईल अशा भाषेत असावी. डॉक्टर नसलेल्यांसाठी तयार केलेले लक्षणांचे छोटे पत्रक जागतिक पातळीवर विनामूल्य उपलब्ध आहे. त्यातील मुद्दे जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरांकडून तपासून घेऊन मराठी, कन्नड व उर्दूत छापणे शिक्षण खात्याला अवघड नाही.

बाहेर काढल्यानंतर काय, हेही ठरलेले असावे. मानेत दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील किंवा ताकद वाटत नसेल, तर मुलाला ओढून उठवू नये. जागीच स्थिर ठेवून १०८ ला फोन करावा. वारंवार उलटी, झटके, वाढती डोकेदुखी, एकाचे दोन दिसणे किंवा वाढती गुंगी असेल तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. कणकुंबी, जांबोटीसारख्या भागात मोबाईलची रेंज भरवशाची नसते आणि बेळगावला पोहोचायला वेळ लागतो, म्हणून तेथील स्पर्धेच्या दिवशी वाहन कोणते हे सकाळीच ठरवलेले हवे. वरवर बरे दिसणाऱ्या मुलालाही पहिले काही तास एकटे सोडू नये. सामना संपल्यावर त्याला इतरांबरोबर बसमध्ये बसवून घरी पाठवणे धोक्याचे आहे. खेळाकडे परतण्याचे टप्पे २०२२ च्या ॲमस्टरडॅम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने मांडले आहेत. सुरुवातीला एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती (म्हणजे अंथरुणाला न खिळता रोजची हलकी कामे करत घेतलेली विश्रांती), मग हलक्या हालचालींपासून सामन्यापर्यंत ६ पायऱ्या, प्रत्येक पायरीला किमान २४ तास, आणि धडकेचा संभव असलेल्या सरावापूर्वी डॉक्टरांची परवानगी, असा तो क्रम आहे. म्हणजे सोमवारी डोके आपटलेला मुलगा गुरुवारच्या तालुका स्पर्धेत खेळू शकत नाही, मग तो संघाचा कर्णधार का असेना.

बेळगाव व चिकोडी या दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांना आणि सर्व गटशिक्षणाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, की यंदाच्या पंच बैठकीला अर्धा दिवस जोडून डॉक्टरांकडून हे प्रशिक्षण द्यावे आणि ते न घेतलेल्याला पंच म्हणून नेमू नये. सामन्याच्या गुणपत्रिकेत एक रकाना वाढवावा, ज्यात बाहेर काढलेल्या खेळाडूचा क्रमांक, वेळ आणि त्याला कोणत्या शिक्षकाच्या ताब्यात दिले याची नोंद होईल व ती पुढच्या पातळीवरील स्पर्धेच्या आयोजकांकडे जाईल. गावोगावच्या मंडळांच्या खुल्या कबड्डी स्पर्धांत हीच शाळकरी मुले खेळतात आणि चंदगड, गडहिंग्लजचे संघही येतात. उलट कागवाडचा जखमी मुलगा मिरजेला आणि निपाणीचा कोल्हापूरला उपचारासाठी जातो. तेथील डॉक्टरांचा कागद येथील शाळेने आणि येथील नोंद तेथील आयोजकांनी ग्राह्य धरावी, यासाठी दोन्ही बाजूंच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी आपसात पत्रव्यवहार करून ठेवावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक व पंच,
खानापूर तालुका, जि. बेळगाव